सव्वातीन इंची बोअर

डायनॅमिक्स ऑफ मशिनरीच्या पेपरला एक प्रश्न ठरलेला असतो. सहा सिलिंडरचं इनलाइन इंजिन, फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४, आणि सिद्ध करा की प्रायमरी, सेकंडरी फोर्सेस आणि कपल्स सगळे शून्य. आपण ते सिद्ध करतो, आठ मार्क खिशात टाकतो आणि कॅन्टीनची वाट धरतो. पण असं एखादं इंजिन खरोखरच समोर आलं, त्याच्या रिंगा झिजलेल्या असल्या आणि मालकाने विचारलं, "पोरांनो, याला रिंग कुठे मिळेल रे?", तर टी.ई.ला पोहोचलेले आपण सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू. मित्रांनो, हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. आणि प्रश्न हवेतला नाही.

आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या आजोबांची डॉज किंग्जवे सातारा जिल्ह्यात त्यांच्या वाड्यामागच्या गोठ्यात उभी आहे. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीची गाडी. इंजिन हँडलने फिरतं, चालूही होतं, पण तेल पितं आणि धूर असा सोडतं की शेजारच्या म्हशी उठून उभ्या राहतात. येत्या उन्हाळ्यात गोठा पाडायचा आहे. त्यामुळे घरात रोज रात्री जेवताना सभा भरते. काका म्हणतात भंगारात द्या. आत्याचे यजमान म्हणतात एखादं जुनं डिझेल इंजिन टाका, गाडी पळेल तरी. मित्राचा अमेरिकेतला दादा म्हणतो पूर्ण किट तिकडून मागवू. किटची किंमत, विमानाचं भाडं, कस्टम ड्युटी आणि त्यावरचा आयजीएसटी अशी बेरीज त्याने पाठवली, तेव्हा आजोबा एवढंच म्हणाले, "एवढ्यात मी एक गाय घेतो."

माझं मत सरळ आहे. हे तिन्ही सल्ले चुकीच्या प्रश्नाची उत्तरं आहेत. तिघंही "डॉजचा स्पेअर" शोधतायत. डॉजचा स्पेअर आपल्याकडे कुणी ठेवत नाही आणि ठेवणारही नाही. शोधायचं आहे ते एक माप. आणि माप शोधायचं काम करण्यासाठी आई-वडिलांनी आपल्याला या कॉलेजात घातलंय.

थोडा इतिहास सांगतो, कारण या गाड्या म्हणजे कुणा महाराजांच्या परदेशी चैनीच्या वस्तू, असा एक गैरसमज आहे. ज्यांच्या वाढदिवसाला, १५ सप्टेंबरला, आपण इंजिनिअर्स डे साजरा करतो आणि समोसे खातो, त्या सर विश्वेश्वरय्यांनी १९३०च्या दशकातच मुंबईत मोटारीचा कारखाना काढायची योजना आखली होती. पुढे वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार केला आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी बाहेर पडली. डॉज, डिसोटो, प्लिमथ ही नावं तिथली. त्याआधी १९२८पासून शिवडीला जनरल मोटर्सच्या शेव्हरोले जुळवल्या जात होत्या, त्या १९५४पर्यंत. म्हणजे सहा सिलिंडरचं जुनं पेट्रोल इंजिन हा मुंबईच्या कामगारांनी हाताळलेला माल आहे. असो.

आता मुद्द्यावर. किंग्जवेचं इंजिन म्हणजे क्रायस्लरचं साइड व्हॉल्व्ह, म्हणजे फ्लॅटहेड सिक्स. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, वर नुसतं झाकणासारखं सपाट हेड. हे इंजिन तीसच्या दशकात आलं आणि अमेरिकन गाड्यांमध्ये १९५९पर्यंत राहिलं. ट्रकमध्ये तर त्याहूनही पुढे. वेल्डिंग सेट, फोर्कलिफ्ट, शेतातली कापणी यंत्रं, जिथे फिरणारा शाफ्ट हवा तिथे हे बसवलं गेलं. दुसऱ्या महायुद्धातल्या डॉज वेपन कॅरिअरमध्येही याच घराण्यातलं इंजिन. किंग्जवेचं २१७.८ घन इंचांचं, वेपन कॅरिअरचं २३०.२चं. पण दोघांचा बोअर एकच, सव्वातीन इंच. फरक फक्त स्ट्रोकचा. किंग्जवेला चार इंच तीन सूत, लष्करी डॉजला चार इंच पाच सूत. त्यामुळे "किंग्जवेची रिंग" म्हणून जी वस्तू कुठेही मिळत नाही, ती "मिलिटरी डॉजची रिंग" म्हणून एखाद्या दुकानाच्या माळ्यावर पडलेली असू शकते. दुकानदाराला ते माहीत नाही, कारण त्याला कुणी मापाने विचारलेलंच नाही.

उलट बाजूही आहे, आणि ती जास्त धोक्याची. एकाच नावाची दोन इंजिनं असू शकतात. अमेरिकेत डॉज-प्लिमथसाठी जो ब्लॉक होता, त्याचं हेड साधारण २३ इंच लांब. क्रायस्लरच्या कॅनडातल्या कारखान्याचा ब्लॉक वेगळा, त्याचं हेड २५ इंच. आणि गंमत बघा, कॅनडाच्या एका इंजिनाची क्षमताही २१८ घन इंचच! बोअर मात्र तीन इंच तीन सूत आणि स्ट्रोक चार इंच अर्धा सूत. कॅल्क्युलेटर काढा आणि बघा, दोन्ही २१८ येतात. कागदोपत्री दोन्ही "डॉज, सहा सिलिंडर, २१८". आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी असंच नाव आणि आकडा बघून परदेशातून हेड गास्केट मागवलं. ते आलं दोन इंच लांब. आता त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर ते शोभेला टांगलेलं आहे. एक साधी मापाची टेप हेडवर धरली असती तर ते पैसे वाचले असते. इंजिन नंबर ब्लॉकच्या डाव्या अंगाला, पुढे, जनरेटरच्या वर असलेल्या सपाट जागी ठोकलेला असतो. तो वायर ब्रशने घासून वाचायचा आणि मग टेप लावायची. नुसत्या नंबरवरही विश्वास नको, सत्तर वर्षांत कुणी काय बदललं असेल सांगता येत नाही.

पुढे आणखी मजा आहे. इंच सोडून मिलिमीटरमध्ये या. सव्वातीन इंच म्हणजे ८२.५५ मि.मी. हे इंजिन जुन्या पद्धतीने बोअर करायचं तर वीस, तीस, चाळीस, साठ थाऊ असे टप्पे. वीस थाऊला होतात ८३.०६ मि.मी., साठला ८४.०७. म्हणजे ही सगळी ओव्हरसाइज मापं ८३ आणि ८४ मि.मी. या दोन गोल आकड्यांच्या आसपास घुटमळतात, आणि आपला बाजार आज मिलिमीटरचा आहे. हिंदुस्थान मोटर्सच्या कॉन्टेसा क्लासिकचं १८१७ सी.सी.चं इसुझू इंजिन आठवतंय का? त्याचा बोअर ८४ मि.मी. मग डॉजचं सिलिंडर ८४ला बोअर केलं तर कॉन्टेसाची रिंग चालेल का?

इथे घाई करायची नाही. रिंगेला नुसता व्यास नसतो. तिची उभी जाडी असते, आतली रुंदी असते. डॉजच्या पिस्टनच्या खाचा जुन्या जाड रिंगांसाठी कापलेल्या आहेत, नव्या जमान्याची रिंग त्यात खडखडेल. पण पिस्टन जर नवे करूनच घ्यायचे असतील, तर त्यांच्या खाचा कुठल्या रिंगेसाठी कापायच्या हे आपल्या हातात आहे. सत्तर वर्षं जुन्या रिंगेसाठी खाच कापायची आणि मग जन्मभर ती रिंग शोधत बसायचं, की आज सहज मिळणाऱ्या रिंगेसाठी कापायची? याला अक्कल लागते, पैसा नाही. अर्थात साठ थाऊपर्यंत बोअर करायला सिलिंडरची भिंत तेवढी जाड हवी, आणि आतून वॉटर जॅकेटने ती किती खाल्ली आहे हे आधी तपासायला हवं. भिंत पातळ असेल तर ड्राय लायनर टाकून पुन्हा ८२.५५वर यायचं. लायनर हा तर आपल्या पट्ट्यातला माल. सातारा, कोल्हापूर, तिकडे राजकोट, जिथे ऑइल इंजिनं बनली तिथे लायनर ओतणारे आणि घासणारे हात आहेत.

अशीच एक जुळी जोडी सांगायचा मोह आवरत नाही. १९३५ ते ४१च्या दरम्यानच्या प्लिमथचं सहा सिलिंडर इंजिन २०१.३ घन इंचांचं. बोअर तीन इंच एक सूत, स्ट्रोक चार इंच तीन सूत. आता आपल्या महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीपचं चार सिलिंडरचं विलीज हरिकेन इंजिन घ्या. बोअर तीन इंच एक सूत, स्ट्रोक चार इंच तीन सूत! १३४.२ला दीडने गुणा, २०१.३ येतात. जीपची रिंग तर कालपरवापर्यंत तालुक्याच्या दुकानात मिळायची. याचा अर्थ जीपचा पिस्टन डोळे मिटून प्लिमथमध्ये टाका असा नाही. गजन पिनचा व्यास, पिनपासून माथ्यापर्यंतची उंची, हे सगळं मोजायला हवं. पण मोजायला सुरुवात कुठून करायची हे कळलं की निम्मं काम झालं.

आता बाजाराबद्दल. कुर्ल्याचा सी.एस.टी. रोड, चोर बाजारची मटण स्ट्रीट, पुण्याचा जुना बाजार, दिल्लीचं मायापुरी, चेन्नईचं पुदुपेट, कोलकात्याचा मलिक बाजार, ही तीर्थक्षेत्रं सगळ्यांना पाठ असतात. तिथे गेलं की अल्लाउद्दीनचा दिवा सापडतो अशी एक समजूत आहे. माझा अनुभव थोडा कोरडा आहे. आम्ही दोन शनिवार सी.एस.टी. रोडवर फिरलो. "डॉज किंग्जवे" म्हटलं की दुकानदार हसतो आणि म्हणतो, "वो तो म्यूझियम में मिलेगा, भाई." पण एका दुकानात आम्ही गाडीचं नावच घेतलं नाही. व्हॉल्व्हची दांडी इतकी, डोकं इतकं, लांबी निदान इतकी, एवढंच कागदावर लिहून दिलं. काकांनी चष्मा लावला, कागद वाचला आणि विचारलं, "डोकं थोडं मोठं चालेल का? घासून घ्याल?" पाच मिनिटांत ट्रकच्या व्हॉल्व्हचा एक खोका काउंटरवर आला. दांडी जुळत होती. डोक्याचा व्यास लेथवर कमी करता येतो, लांबी कापता येते. बाजार तोच, दुकान तेच. फरक फक्त प्रश्नात होता.

सगळंच इथे करायचं असाही माझा हट्ट नाही. काही पोरं "मेड इन इंडिया"च्या जोशात बेअरिंगचे शेलसुद्धा लेथवर करू म्हणतात, तो वेडेपणा आहे. शेल बेअरिंग ही पातळ, अचूक, थरांची वस्तू. ती अमेरिकेत अजून नवी मिळते, कारण तिकडे ही इंजिनं प्रचंड संख्येने बनली आणि हौशी लोक अजून ती चालवतात. शेल वजनाला हलके, पाकीट छोटं, भाडं कमी. ते मागवा. त्याआधी क्रँकशाफ्ट मोजा आणि दहा, वीस की तीस थाऊ अंडरसाइज हवे ते ठरवा. क्रँक गोल असेल, ओरखडे नसतील, तर ग्राइंडिंग करूच नका, पॉलिशवर भागवा. ओव्हरहॉल म्हणजे सगळं बदलणं नव्हे. गॅरेजवाल्याचं बिल तसं सांगत असलं तरी! याउलट पिस्टन, लायनर, वॉटर पंपाची बॉडी, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, या जड वस्तू विमानाने आणणं म्हणजे भाड्यापायी घर विकणं. मॅनिफोल्ड तडकला असेल तर जुन्याची मापं घ्या, सॉलिड मॉडेल करा, बिडाच्या आकुंचनासाठी साधारण एक टक्का वाढवा, पॅटर्न थ्रीडी प्रिंट करून कोल्हापूरच्या फाउंड्रीत न्या. कॅडच्या प्रॅक्टिकलला आपण ज्या फ्लँज कपलिंगचं मॉडेल पंचविसाव्यांदा करतो, त्यापेक्षा हे बरं नाही का?

(शेव्हरोलेवाल्यांसाठी एक ओळ. तुमचं १९३७ ते ५३च्या काळातलं २१६ घन इंचांचं इंजिन असेल तर कनेक्टिंग रॉडला शेल नाहीतच, बॅबिट ओतलेलं आहे. ते ओतणारे मिस्त्री आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. कुणी ओळखीचे असतील तर आजच गाठा.)

क्रायस्लरच्या या इंजिनात एक भाग असा आहे की तो कुणाच्या यादीत नसतो आणि इंजिन मारतो तोच. वॉटर पंपाच्या मागे, ब्लॉकच्या आत, पुढून मागेपर्यंत एक चपटी नळी असते. तिला ठिकठिकाणी खाचा असतात आणि त्यातून गार पाणी थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपाशी सोडलं जातं. ही नळी गंजते. पुढची सिलिंडरं गार राहतात, मागची तापतात, व्हॉल्व्ह जळतात, आणि मालक म्हणतो इंजिनच खराब. कितीतरी इंजिनं या नळीपायी भंगारात गेली असतील असं मला वाटतं. रेडिएटर आणि पंप काढला की ती पुढून ओढून काढता येते. म्हणजे, गंजून चिकटली नसेल तर! नवी करायला पितळेचा किंवा स्टेनलेसचा पातळ पत्रा, एक चांगला पत्र्याचा कारागीर आणि खाचांची बरोबर जागा एवढंच लागतं. पत्रा बाजारात आहे, कारागीर गल्लीत आहे. खाचांची जागा दाखवणारं ड्रॉइंग मात्र कुणाकडेच नाही.

डिझेल इंजिन टाका म्हणणाऱ्यांना थोडं उत्तर द्यायला हवं. पेट्रोल महागल्यावर आपल्याकडे कित्येक डॉज आणि शेव्हरोले डिझेल झाल्या, त्यांची मूळ इंजिनं काट्यावर गेली, आणि म्हणून तर आज स्पेअर नाही. तेव्हा ती पोटाची गरज होती, टॅक्सीवाल्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण आज आजोबांची गाडी पोटासाठी पळवायची नाहीये. शिवाय जुलै २०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या दुचाकी-चारचाकीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंतरच्या पुनर्नोंदणीला ५,०००, आणि मुदत दहा वर्षांची. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केलेला नको. डिझेल टाकलं की हा दरवाजा बंद. नियमाची भाषा मला जरा अडचणीची वाटते, कारण त्यात ‘सबस्टॅन्शिअल ओव्हरहॉल’ हा शब्द आहे, आणि सत्तर वर्षांचं इंजिन ओव्हरहॉलशिवाय चालतं असं तो शब्द लिहिणाऱ्याला वाटलं की काय कोण जाणे. त्याच ब्लॉकमध्ये त्याच मापाचं लायनर टाकणं याला फेरफार म्हणू नये, असं माझं मत.

पेट्रोलबद्दलही विचारतात. शिसं गेल्याची भीती या इंजिनाला फारशी नाही, कारण एक्झॉस्टला कडक सीट इन्सर्ट कारखान्यातूनच बसवलेले आहेत. भीती इथेनॉलची आहे. २०२५पर्यंत देशात वीस टक्के मिश्रण सगळीकडे पोहोचलं, आणि फ्युएल पंपाच्या जुन्या रबराच्या पडद्याला ते मानवत नाही. पडदा फ्लुओरो रबराचा कापून घ्या, कार्ब्युरेटरची बुचाची गास्केटं बदला. आणि जुनी हेड गास्केटं कोरडी खरवडू नका, त्यात अॅस्बेस्टॉस असतं.

आता आपल्या डिपार्टमेंटकडे वळतो. मेट्रॉलॉजी लॅबमध्ये बोअर गेज आहे, मायक्रोमीटरचा पूर्ण सेट आहे, सरफेस रफनेस टेस्टर आहे. त्यांच्यावर आपण दर वर्षी तोच घासून गुळगुळीत झालेला नमुना मोजतो, आणि रीडिंग मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवतो. हे सरांनाही माहीत आहे, आपल्यालाही. फायनल इयरचे अर्धे प्रोजेक्ट कुठून येतात तेही सगळ्यांना माहीत आहे. रेडीमेड मिळतात, स्पायरल बाइंडिंगसकट. आणि दुसरीकडे ज्या मिस्त्रींच्या डोक्यात "याला अमक्याचा व्हॉल्व्ह बसतो, तमक्याची रिंग चालते" ही सगळी कोष्टकं आहेत, ते सत्तरीला आलेत. त्यांची मुलं फ्लिपकार्टच्या गोडाउनला आहेत. त्यांच्या डोक्यातलं लिहून घ्यायला कुणी जात नाही, कारण त्याला क्रेडिट नाहीत.

माझं म्हणणं आहे की क्रेडिट द्यावेत. चार जणांच्या ग्रुपने एक जुनं इंजिन घ्यावं. दुरुस्त झालंच पाहिजे असंही नाही. त्याचा प्रत्येक झिजणारा भाग मोजावा, मूळ माप आणि आजचं माप लिहावं, टेपर आणि ओव्हॅलिटीसकट. मग बाजारातल्या कुठल्या वस्तूशी ते जुळतं ते शोधावं आणि जुळलं नाही तर ड्रॉइंग करावं. एका वर्षात एक इंजिन झालं तरी दहा वर्षांत दहा होतील, आणि लायब्ररीत ती फाइल राहील. "यात नवीन रिसर्च काय?" असा प्रश्न व्हायवाला एक्सटर्नल विचारतीलच. त्यांना त्या पाण्याच्या नळीतल्या खाचांची जागा विचारावी.

किंग्जवेचं म्हणाल तर आजोबांनी आम्हाला होळीपर्यंत मुदत दिली आहे. हेड उघडलंय, ते २३ इंची निघालं. सहाही सिलिंडरचा बोअर तीन ठिकाणी, दोन दिशांनी मोजून झाला आहे. सगळ्यात वाईट सहावं, मागचं, म्हणजे नळीचा संशय पक्का. क्रँक अजून बाहेर काढायचा आहे, त्याला मोठी पुली आणि दोन धट्टीकट्टी माणसं लागतील. येत्या रविवारी साताऱ्याची पहिली एस.टी. पकडणार आहोत. येणार असाल तर वर्कशॉपच्या फळ्यावर नाव लिहा. आणि कुणाच्या गावी, मामाच्या वखारीत, शाळेच्या आवारात असं सहा सिलिंडरचं इंजिन पडलेलं असेल, तर गाडीचं नाव नाही कळवलंत तरी चालेल. इंजिन नंबर आणि हेडची लांबी तेवढी आठवणीने मोजून आणा.